सोन्याआधी जागा टिपणारा संग्रह : तुतानखामुनच्या थडग्याच्या छायाचित्रांचे ऑक्सफर्डचे संकेतस्थळ

प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामुन याच्या थडग्यातील सोन्याची रंगीत छायाचित्रे आज कोणाच्याही मोबाइलवर क्षणात उघडतात आणि त्यांतली बहुतेक एका साच्यातली असतात: मागे काळोख, मधोमध मुखवटा आणि वरून मारलेला झगझगीत उजेड. ऑक्सफर्ड विद्यापीठातील ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने चालवलेले ‘तुतानखामुन : ॲनाटॉमी ऑफ ॲन एक्स्कव्हेशन’ हे संकेतस्थळ या गर्दीत वेगळे पडते, कारण तिथे मुखवट्यापर्यंत पोहोचायला आधी खोल्या, पेट्या, मोडकी चाके आणि शेकडो नोंदपत्रे ओलांडावी लागतात. सोलापुरात सराफांच्या दागिन्यांची, चादरी-टॉवेलांच्या कॅटलॉगची आणि कधीमधी जुन्या वाड्यांतून निघालेल्या वस्तूंची छायाचित्रे काढणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी या संग्रहाकडे इजिप्तच्या अभ्यासकाच्या नव्हे, छायाचित्रकाराच्या नजरेने पाहतो, आणि हे परीक्षणही त्याच नजरेतून लिहिलेले आहे. सेवा मोफत आहे. तिची किंमत वेळात मोजावी लागते.

संग्रहाचा कणा म्हणजे हॅरी बर्टन या छायाचित्रकाराचे काम. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी इजिप्तमधील राजांच्या दरीत थडग्याची पहिली पायरी सापडली आणि २६ नोव्हेंबरला त्याने आतल्या दाराला भोक पाडून पहिल्या खोलीत डोकावले. आत जे होते ते पाहिल्यावर एकट्याने हे काम पेलणार नाही हे त्याच्या लगेच लक्षात आले. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमची एक तुकडी शेजारीच उत्खनन करीत होती. तिच्याकडे त्याने मदत मागितली आणि त्या संग्रहालयाने आपला छायाचित्रकार त्याला वापरू दिला. बर्टन इंग्लंडमधील स्टॅमफर्डचा, जन्म १८७९ चा. फ्लॉरेन्समध्ये राहून चित्रांची आणि कलाकृतींची छायाचित्रे काढण्यात त्याचा हात बसला होता. डिसेंबर १९२२ मध्ये त्याने थडग्यात कॅमेरा लावला आणि पुढची सुमारे दहा वर्षे तो या कामाशी बांधलेला राहिला. १९४० मध्ये इजिप्तमध्येच त्याचा मृत्यू झाला. कार्टर त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. त्याची उत्खननाची कागदपत्रे त्याच्या भाचीने ग्रिफिथ इन्स्टिट्यूटला दिली, तर बर्टनच्या काचेच्या निगेटिव्ह ऑक्सफर्ड आणि न्यू यॉर्क अशा दोन ठिकाणी विभागल्या गेल्या. कागदपत्रे आणि छायाचित्रे एकत्र आणून सर्वांसाठी खुली करण्याचा प्रकल्प इन्स्टिट्यूटने १९९० च्या दशकात हाती घेतला. आपल्यासमोर जे संकेतस्थळ आहे ते त्याचेच फळ.

संकेतस्थळावर गेल्यावर सर्वप्रथम वस्तूंची यादी उघडावी, असे मी प्रत्येकाला सांगेन. कार्टरने थडग्यातील वस्तूंना १ ते ६२० असे क्रमांक दिले आणि एका क्रमांकाखाली अनेक वस्तू असतील तर त्यांना अक्षरे जोडली, त्यामुळे एकूण वस्तू पाच हजारांवर जातात. क्रमांक निवडला की त्या वस्तूचे नोंदपत्र, त्यावरचा हाताने लिहिलेला मजकूर, काही ठिकाणी पेन्सिलीने काढलेली आकृती, तोच मजकूर टंकलिखित रूपात आणि बर्टनने काढलेली छायाचित्रे असे सगळे एका धाग्यात मिळते. शिवाय कार्टरची आणि त्याचा सहकारी आर्थर मेस याची रोजनिशी, थडग्याचे नकाशे आणि वस्तूंवर केलेल्या प्रक्रियांच्या नोंदी आहेत. सोन्याचा सुंदर अल्बम पाहायला आलेल्या माणसाची इथे निराशा होईल. पण एखादी वस्तू कोणत्या खोलीत, कशाखाली, कशाला टेकून होती, आणि तिला हात लावण्यापूर्वी ती कशी दिसत होती, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पहिल्या खोलीची छायाचित्रे हा या संग्रहाचा सर्वांत समृद्ध भाग आहे आणि मी तिथेच सर्वाधिक रेंगाळलो. खोली सुमारे आठ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद, म्हणजे सोलापुरातल्या एखाद्या मध्यम दुकानाएवढी. पश्चिमेच्या भिंतीलगत प्राण्यांच्या आकाराचे तीन सोनेरी पलंग, त्यांच्या वर-खाली पेट्या, खुर्च्या, स्टुले, मधल्या गायीच्या पलंगाखाली अन्नाच्या पांढऱ्या अंडाकृती डब्यांची रास, आणि आग्नेय कोपऱ्यात सुटे करून ढीग घातलेले चार रथ. अशा जागेत तिकाटणे उभे करायचे, त्यावर १८ × २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा घेणारा लाकडी कॅमेरा चढवायचा आणि कुठेही धक्का लागू द्यायचा नाही, हे काम केवढे जिकिरीचे असेल याची कल्पना ज्याने कधी भरलेल्या गोदामात चित्रीकरण केले आहे त्यालाच येईल.

प्रकाशाचा निर्णय मला विशेष शिकवून गेला. बर्टनपुढे तीन मार्ग होते: आरशांनी आत वळवलेले ऊन, भुकटी पेटवून पाडलेला झोत आणि वीज. थडग्यांच्या आत ऊन खेळवण्यात तो वाकबगार होता. इतर अनेक ठिकाणी त्याने बाहेर आरसा आणि आत चंदेरी कागद लावलेला परावर्तक असे काम केले आहे. पण इतक्या दाटीच्या खोलीत भुकटीचा झोत धोक्याचा होता आणि परावर्तित उन्हाने सगळीकडे सारखा उजेड पडला नसता. म्हणून पर्यटकांसाठी दरीत आधीच असलेल्या वीजव्यवस्थेवरून तार आत ओढून हलवता येणारे मोठे दिवे वापरण्यात आले. त्याने एक्स्पोजर लांबले, परंतु प्रकाश एकसारखा मिळाला, असे कार्टरने नमूद केले आहे. छायाचित्रे मोठी करून पाहिली की हे पटते. पलंगाच्या पायामागच्या अंधारातही पेटीच्या फळ्या वेगळ्या दिसतात आणि सोन्याच्या पत्र्यावर मात्र कुठे पांढरा भडका उडालेला नाही. ठुशी किंवा पुतळ्यांची माळ टिपताना प्रत्येक मणी आपल्यासमोर आरसा धरतो आणि त्यात दिवा, छत, स्वतः छायाचित्रकार असे सगळे उमटते, हा सराफ कट्ट्याच्या कामातला रोजचा ताप आहे. त्यावर आम्ही सॉफ्टबॉक्स आणि थर्माकोलच्या पाट्या लावून मार्ग काढतो. बर्टनने तेच दोन दिव्यांच्या आणि संयमाच्या बळावर साधलेले आहे.

डार्करूमची व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक होती. जवळच असलेले एक जुने रिकामे थडगे, ज्याला अभ्यासक केव्ही ५५ म्हणतात, ते निगेटिव्ह धुण्यासाठी मिळाले. कॅमेरा जागचा न हलवता बर्टन प्लेट घेऊन तिकडे धावत जाई, ती धुऊन पाही आणि समाधानकारक निगेटिव्ह हाती आल्यावरच वस्तू उचलण्याचा प्रश्न येई. बाहेर ताटकळत बसलेल्या पर्यटकांना या धावपळीने करमणूक होत असे. आज आपण कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर नजर टाकून ‘आलं’ म्हणतो, त्या एका नजरेसाठी त्याला प्रत्येक वेळी उन्हातून जाऊन यावे लागे. वस्तू एकदा हलली की ते दृश्य पुन्हा उभे करता येणार नाही, ही जाणीव त्या सगळ्या धावपळीच्या मुळाशी होती.

त्यासाठी ठरवलेला क्रम संग्रहात डोळ्यांनी पाहता येतो. आधी खोलीची जशीच्या तशी छायाचित्रे, मग प्रत्येक वस्तूपाशी क्रमांकाची पांढरी पाटी ठेवून पुन्हा तीच दृश्ये, त्यानंतर वस्तू बाहेर नेल्यावर प्रयोगशाळेत तिची स्वतंत्र छायाचित्रे. ही प्रयोगशाळा दरीच्या टोकाला, दुसऱ्या सेती या राजाच्या थडग्यात थाटलेली होती. तिथे मेस आणि रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड ल्यूकस वस्तूंवर उपचार करीत. पाट्या ठेवलेली छायाचित्रे पहिल्या नजरेत विद्रूप वाटतात. सोनेरी सिंहाच्या मानेपाशी ठेवलेला कागदी आकडा कोणाला आवडेल? पण संग्रहात थोडा वेळ घालवल्यावर माझे लक्ष आपोआप त्या आकड्यांकडेच जाऊ लागले, कारण ज्या छायाचित्रात आकडा आहे तिथून नोंदपत्राकडे, नोंदपत्रातून नकाशाकडे आणि नकाशातून शेजारच्या वस्तूकडे जाता येते.

ज्यांना एकच वस्तू नीट पाहायची आहे त्यांनी २१ हा क्रमांक उघडावा. ही शिकारीची आणि युद्धाची चित्रे रंगवलेली लाकडी पेटी आहे. तिच्यात राजाची वस्त्रे, मण्यांनी मढवलेल्या चपला आणि इतर बऱ्याच गोष्टी एकमेकींवर कोंबलेल्या होत्या. कापड इतके जीर्ण झालेले होते की स्पर्शाने त्याची भुकटी होई. मण्यांचे दोरे कुजून गेलेले होते, त्यामुळे मणी आपापल्या जागी केवळ सवयीने बसलेले असावेत अशी अवस्था. ही एक पेटी रिकामी करायला तीन आठवडे लागले. प्रत्येक थराचे छायाचित्र, मग त्या थरातील वस्तू काढणे, मग पुढच्या थराचे छायाचित्र, असे ते काम चालले. पातळ केलेले मेण ओतून मणी जागीच पकडून ठेवण्याची युक्ती ल्यूकस आणि मेस यांनी अनेक वस्तूंवर वापरली. चपलांवरील नक्षी आज शाबूत आहे ती त्यामुळेच. छायाचित्रांची ही मालिका ओळीने पाहताना पेटीचा तळ हळूहळू वर येत असल्याचा भास होतो. एखाद्या सुट्या चित्रात हा अनुभव मिळणार नाही.

या संग्रहाचे आणखी एक सामर्थ्य असे, की लेखणीने जे टाळले ते भिंगाने टिपून ठेवले आहे. पहिल्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीशी दोन काळे पहारेकरी पुतळे समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये दफनगृहाचे बंद केलेले दार आहे. बर्टनच्या छायाचित्रात या दाराच्या तळाशी एका टोपलीचे झाकण आणि वाळलेल्या लव्हाळ्यांचा भारा टेकवलेला दिसतो. दफनगृह समारंभपूर्वक उघडले ते १६ फेब्रुवारी १९२३ रोजी, परंतु कार्टर, उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन आणि कार्नार्व्हनची कन्या हे त्याआधीच चोरांनी पाडलेल्या जुन्या भोकातून आत जाऊन आले होते आणि ते भोक नंतर झाकण्यात आले होते. कार्टरने आपल्या प्रकाशित वृत्तांतात याचा उल्लेख केला नाही. भोक कार्टरनेच बुजवले होते, हे ल्यूकसने १९४० च्या दशकात लिहून ठेवले. हे माहीत झाल्यावर त्या छायाचित्राकडे पुन्हा पाहिले की दोन भव्य पुतळ्यांकडे नजर ठरत नाही, ती खाली त्या टोपलीच्या झाकणावर जाते. बर्टनला ते लपवायचे होते की केवळ समोर होते ते त्याने टिपले, यावर तर्क करत बसण्यात मला रस नाही. चांगल्या नोंदीचे छायाचित्र आपल्या मालकालाही सोडत नाही, एवढे मात्र खरे.

मुखवट्याबद्दल थोडक्यात सांगतो. सर्वांत आतली शवपेटी ऑक्टोबर १९२५ मध्ये उघडली आणि साधारण दहा किलो वजनाचा हा मुखवटा दिसला तेव्हा त्यावर अंत्यविधीतील राळ आणि सुगंधी द्रव्ये घट्ट चिकटून बसलेली होती. संग्रहातील सुरुवातीच्या छायाचित्रांत तो तसाच, डागाळलेला दिसतो. पुढची छायाचित्रे स्वच्छ केल्यानंतरची आहेत. बाजारात फिरणाऱ्या चित्रांनी आपल्या डोळ्यांना लखलखीत मुखवट्याचीच सवय लावलेली असल्यामुळे ही आधीची अवस्था पाहणे आवश्यक वाटते. कृष्णधवल छायाचित्रात निळ्या-सोनेरी पट्ट्यांचे आकर्षण नाहीसे होते आणि त्याबदल्यात गालाचा उतार, ओठांची कड आणि पापणीची जाडी अधिक स्पष्ट होते. माझ्या मते हा तोटा नाही. रंग पाहायचा असेल तर आता कैरोजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि तुतानखामुनचा सारा ठेवा प्रथमच एकत्र मांडला गेला.

आता उणिवा. सगळा मजकूर इंग्रजीत आहे आणि कार्टरचे इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचे, संक्षेपांनी भरलेले आहे, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला नोंदपत्रे वाचताना अडखळायला होते. टंकलिखित रूप सोबत असल्याने भाषांतराच्या साधनांची मदत घेता येते, पण वस्तूंच्या पारिभाषिक नावांवर ती साधने हमखास घसरतात. मांडणी अभ्यासकांसाठी केलेली आहे. ‘कुठून सुरुवात करावी’ असा प्रश्न घेऊन आलेल्या नवख्या माणसाचा हात कोणी धरत नाही. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर नोंदपत्रे वाचणे त्रासाचे आहे, तेव्हा संगणकावरच बसावे.

याहून गंभीर उणीव संकेतस्थळाची नसून मूळ कामाची आहे. छायाचित्रांत इजिप्शियन माणसे वारंवार दिसतात: पेट्या वाहून नेणारी, दोर धरणारी, दिवे सांभाळणारी. त्यांची नावे मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत. चपलेला क्रमांक आहे आणि ती उचलणाऱ्याला नाव नाही, ही विसंगती प्रत्येक पाहणीत टोचते. कार्टरने आपल्या मुकादमांची, म्हणजे अहमद गेरिगर, गाद हसन, हुसेन अबू अवाद आणि हुसेन अहमद सईद यांची, नावे घेऊन त्यांचे आभार मानले होते. तरीही छायाचित्रातील कोणता चेहरा कोणाचा, हे सामान्य प्रेक्षकाला कळत नाही. त्याचबरोबर, ज्या छायाचित्रांत कार्टर गुडघ्यावर बसून राजाच्या शवपेट्यांभोवतीच्या सोनेरी देव्हाऱ्याच्या दारातून आत पाहतो आहे, ती सर्वाधिक प्रसिद्ध असली तरी मला नोंद म्हणून सर्वांत कच्ची वाटतात. ती वाचकांसाठी रचलेली दृश्ये आहेत. बातमीचे हक्क लंडनच्या ‘द टाइम्स’ला विकलेले होते आणि जगभर अशा चित्रांना मागणी होती, ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून ती पाहावीत.

सोलापूरच्या वाचकाने हे सगळे का पाहावे, याला माझ्याकडे जवळचे उत्तर आहे. आपल्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, नांगराला, पावसाला, विटांसाठी माती काढणाऱ्याला वस्तू लागत आल्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जिवापाड जमवल्या म्हणून आज तेरचे संग्रहालय उभे आहे. त्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेईच्या एका घरात सापडली आणि ती इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली होती, एवढ्या एका माहितीने तिचा काळ बांधला गेला. जागेची नोंद वस्तूला काळ मिळवून देते तो असा. जमिनीच्या वर आलेल्या वस्तूंच्या नशिबी ते क्वचितच असते. आपल्याकडे शेतात नाणी किंवा तांब्याची भांडी सापडली की पहिले काम चिंच-मिठाने घासून लखलखीत करण्याचे होते आणि छायाचित्र त्यानंतर, हातात धरून, काढले जाते. खरे तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कळवण्यापूर्वी वस्तू न हलवता, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक छायाचित्र जवळून आणि एक लांबून, ज्यात बांध, झाड किंवा विहीर दिसेल, एवढे मोबाइलवर कोणीही करू शकतो.

म्हणून पुरातत्त्वाचे विद्यार्थी, संग्रहालयांत काम करणारे, वाड्यांतील वस्तूंची यादी करू पाहणारी कुटुंबे आणि माझ्यासारखे वस्तूंची छायाचित्रे काढणारे व्यावसायिक यांना मी या संग्रहाची शिफारस आग्रहाने करतो. दागिन्यांच्या छायाचित्रणाचे वर्ग घेणाऱ्यांनी तर बर्टनची सिंहासनाची छायाचित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. पाठीवरील राजाराणीच्या उठावाला तिरक्या प्रकाशाने किती खोली येते, ते तिथे कळते. केवळ भिंतीवर लावायला एखादे चित्र हवे असणाऱ्याने मात्र इथे वेळ घालवू नये.

छापण्याच्या बाबतीत एक सूचना. ही छायाचित्रे पाहणे आणि अभ्यासणे मोफत असले, तरी पुस्तकात, प्रदर्शनात किंवा गणेशोत्सवाच्या देखाव्यात ती वापरायची असल्यास ग्रिफिथ इन्स्टिट्यूटशी आधी लेखी संपर्क साधावा, आणि मोठ्या छपाईसाठी लागणारी प्रतही त्यांच्याकडेच मागावी. पडद्यावरचे चित्र उतरवून त्याचे फ्लेक्स केले, तर बर्टनने दिव्यांनी जपलेल्या सावल्या पहिल्या काळ्या डागात बुडून जातात.